पोटॅशियम ५.९ आलं म्हणून किडनीची गोळी कायमची बंद करायची का?

आधी तुमचा प्रश्न थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. वडील ६८ वर्षांचे, मधुमेह २० वर्षांपासून. चार वर्षांपूर्वी लघवीतून प्रथिनं जाताहेत असं कळलं, तेव्हापासून टेल्मिसार्टन ही बीपीची आणि किडनी राखणारी गोळी ८० मिलिग्रॅम रोज. क्रिएटिनिन (किडनी नीट गाळत नसली की रक्तात वाढणारा घटक) १.८ च्या आसपास टिकून होतं, म्हणजे ईजीएफआर, किडनी किती गाळते त्याचा अंदाज, साधारण ४०. दीड महिन्यापूर्वी बीपीला चांगलं म्हणून घरात 'कमी सोडियमचं' मीठ आलं. मागच्या पंधरवड्यात गुडघा धरला म्हणून एटोरिकॉक्सिब सुरू झालं आणि लघवीला जळजळ होते म्हणून को-ट्रायमोक्साझोलचा सात दिवसांचा कोर्स झाला. आता पोटॅशियम ५.९ आणि क्रिएटिनिन २.२. "टेल्मिसार्टनमुळे झालंय, ती कायमची बंद करा," असं एका डॉक्टरांनी सांगितलं. पूर्वीच्या डॉक्टरांनी मात्र तीच गोळी किडनी राखते म्हणून बजावलं होतं. ऐकायचं कुणाचं?

माझं उत्तर असं : गोळी चार-आठ दिवस थांबवणं योग्य आहे. कायमची बंद करणं चूक आहे. टेल्मिसार्टन चार वर्षं तीच आहे, तेवढीच आहे आणि तिच्यासकट बाबांचं पोटॅशियम ठीक होतं. मग गेल्या काही आठवड्यांत नवीन काय आलं, हे आधी पाहायला हवं. तुम्हीच ते प्रश्नात लिहिलंय : मीठ, गुडघ्याची गोळी आणि अँटिबायोटिक.

पण त्याआधी आजचं काम. बाबांचा ईसीजी आजच काढा, उद्यावर टाकू नका. पायांत एकदम अशक्तपणा, छातीत धडधड, चक्कर, मंद झालेली नाडी, धाप किंवा लघवी कमी होणं, यांतलं काहीही असेल तर ईसीजीसाठी लॅब शोधत बसू नका, थेट रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जा. आणि काही त्रास नाही म्हणून निर्धास्तही राहू नका. पोटॅशियम चढत असताना बहुतेकांना काहीच जाणवत नाही. ईसीजी स्वच्छ आला तरी तो धोका नसल्याचा दाखला नव्हे. साडेसहाच्या वर पोटॅशियम आणि ईसीजी जवळपास नॉर्मल, असे रुग्ण मी पाहिले आहेत. रक्तातलं पोटॅशियम लिटरमागे साधारण ३.५ ते ५.० मिलिइक्विव्हॅलंट असावं. साडेपाचच्या पुढे आम्ही सावध होतो, सहाच्या पुढे त्याच दिवशी हालचाल करतो आणि साडेसहाच्या पुढे रुग्णाला घरी ठेवत नाही. बाबा उंबरठ्यावर आहेत.

ईसीजीबरोबरच रक्त पुन्हा तपासायचं. शरीरातलं जवळजवळ ९८ टक्के पोटॅशियम पेशींच्या आत असतं. रक्त काढताना दंडाचा पट्टा फार वेळ आवळून ठेवला, मूठ पुन्हा पुन्हा उघडमीट करायला लावली, बारीक सुईतून जोरानं ओढलं किंवा घरून घेतलेला नमुना लॅबपर्यंत जायला तासन् तास लागले, की पेशींतलं पोटॅशियम बाहेर झिरपतं आणि रिपोर्ट खोटाच चढा येतो. तालुक्याच्या ठिकाणी सकाळी घेतलेलं रक्त संध्याकाळच्या गाडीनं शहरात जातं, तिथे हे वारंवार घडतं. म्हणून शक्यतो जिथे यंत्र आहे तिथेच जाऊन रक्त द्या. तुमच्या बाबतीत क्रिएटिनिनही वाढलंय आणि औषधांची यादीही बोलकी आहे, त्यामुळे आकडा खरा असावा असंच मला वाटतं. तरी खात्री करायचीच.

आता हे घडतं कसं ते सांगतो, कारण एकदा ते कळलं की पुढच्या वेळी कुठल्या गोळीला नाही म्हणायचं हे तुम्हालाच ओळखता येईल.

खाण्यातून आलेलं पोटॅशियम मुख्यतः किडनीच बाहेर टाकते. किडनीच्या सूक्ष्म नळ्यांच्या शेवटच्या टप्प्यावर एक दार आहे. त्यातून सोडियम आत घेतलं जातं आणि त्यापाठोपाठ पोटॅशियम लघवीत सोडलं जातं. हे दार किती उघडायचं ते अल्डोस्टेरॉन नावाचं संप्रेरक ठरवतं, पाटकऱ्यानं पाटाचं दार उचलावं तसं. अल्डोस्टेरॉनला हुकूम देतं अँजिओटेन्सिन आणि अँजिओटेन्सिनला जागं करतं रेनिन. रेनिन किडनीतच तयार होतं. मधुमेहात किडनी बिघडते तेव्हा अनेकांचं रेनिन मुळातच कमी पडायला लागतं. म्हणजे औषध एकही नसताना हुकूम क्षीण झालेला असतो. त्यामुळेच दोन माणसांचं क्रिएटिनिन सारखंच १.८ असलं, तरी मधुमेही माणसाचं पोटॅशियम आधी चढतं. त्यात साखर अनियंत्रित असेल आणि इन्सुलिन कमी पडत असेल, तर पेशींमध्ये जाणारं पोटॅशियमही बाहेरच रेंगाळतं.

या साखळीवर प्रत्येक औषध कुठे घाव घालतं ते पाहा. गुडघ्याच्या गोळ्या, म्हणजे डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, एटोरिकॉक्सिब ही सगळी मंडळी, रेनिन दाबतात आणि किडनीचा रक्तपुरवठाही आखडतात. टेल्मिसार्टन, लोसार्टन, रामिप्रिल, एनालाप्रिल अँजिओटेन्सिनच्या पातळीवर काम करतात. हेपॅरिन अल्डोस्टेरॉन बनूच देत नाही. रुग्णालयात पोटावर दिली जाणारी रक्त पातळ करणारी इंजेक्शनं याच घराण्यातली. स्पायरोनोलॅक्टोन अल्डोस्टेरॉनची जागा अडवतं. आणि को-ट्रायमोक्साझोल? ते तर थेट दारच बंद करतं.

यावर थोडं थांबतो, कारण या औषधाबद्दल डॉक्टरांमध्येही हवी तेवढी धास्ती नाही. को-ट्रायमोक्साझोलमधला ट्रायमेथोप्रिम हा घटक रचनेनं अमिलोराइडचा भाऊ शोभेल असा आहे आणि अमिलोराइड हे पोटॅशियम धरून ठेवणारं औषध म्हणूनच वापरलं जातं. जंतू मारायला दिलेली गोळी किडनीत जाऊन पोटॅशियमची वाट अडवते. कॅनडातल्या ओंटारियो प्रांतात ६६ वर्षांवरील लोकांच्या नोंदी तपासल्या गेल्या; तो अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. टेल्मिसार्टन किंवा रामिप्रिलच्या गटातली औषधं घेणाऱ्यांना को-ट्रायमोक्साझोल दिलं, तर पोटॅशियम वाढून रुग्णालयात भरती होण्याचा धोका अमॉक्सिसिलिन घेणाऱ्यांपेक्षा सुमारे सात पट निघाला. तेही १४ दिवसांच्या आत. सहसा पोटॅशियम चढतं ते चौथ्या-पाचव्या दिवशी, म्हणजे जळजळ थांबून माणूस "बरं वाटतंय" म्हणत असतो तेव्हा. ज्याची किडनी मधुमेहानं आधीच थकली आहे आणि जो 'सार्टन' किंवा 'प्रिल' घेतोय, त्याला मी हे औषध देत नाही. लघवीचं कल्चर करून दुसरं निवडता येतं.

यात तुमच्यासाठी एक दिलासाही आहे. ट्रायमेथोप्रिममुळे किडनीच्या नळ्यांतून क्रिएटिनिन बाहेर पडणंही अडतं. त्यामुळे क्रिएटिनिनचा आकडा वाढतो, पण किडनीची गाळणी तेवढी बिघडलेली नसते. १.८ चं २.२ झालं त्यातला काही भाग या अडवणुकीचा आणि काही भाग एटोरिकॉक्सिबचा असणार. दोन्ही थांबल्यावर आकडा खाली यायला हवा.

एटोरिकॉक्सिबबद्दल एक गैरसमज घट्ट बसलाय. ती पोटाला कमी त्रास देते, म्हणून लोक तिला सगळ्यालाच सुरक्षित समजतात. किडनीला ती डायक्लोफेनॅकइतकीच नकोशी आहे. गुडघ्यासाठी पॅरासिटामॉल, वरून लावायचं मलम, शेक आणि मांडीचे व्यायाम यांवर भागवा. आणि केमिस्टकडून "अंगदुखीची एक द्या" म्हणून आणलेली पुडी घरात शिरू देऊ नका. तिच्यात काय आहे हे देणाऱ्यालाही पुष्कळदा सांगता येत नाही.

मिठाचा हिशेब करून दाखवतो. कमी सोडियमच्या मिठात सोडियम क्लोराइडचा काही भाग काढून त्या जागी पोटॅशियम क्लोराइड घालतात. प्रमाण ब्रँडनुसार बदलतं, म्हणून पाकिटाची मागची बाजू वाचा. समजा २५ टक्के आहे आणि बाबांच्या पोटात दिवसाला आठ ग्रॅम मीठ जातं. म्हणजे दोन ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड, अर्थात एक ग्रॅमहून थोडं जास्त निव्वळ पोटॅशियम. रोज. शिवाय हे पोटॅशियम भाजीतल्यासारखं तंतूंमध्ये अडकलेलं नसतं, ते जवळजवळ सगळं रक्तात येतं. निरोगी किडनीच्या माणसाला हे मीठ फायद्याचं आहे, हे मी मान्य करतो. चीनमधल्या खेड्यांत झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत अशा मिठानं पक्षाघात कमी झाले. पण गंभीर किडनीविकार असलेल्यांना त्या चाचणीत घेतलंच नव्हतं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२५ च्या जानेवारीत या मिठाची शिफारस केली, तेव्हा किडनीच्या रुग्णांना त्यातून स्पष्टपणे वगळलं. मोबाइलवर फिरणाऱ्या संदेशात नेमकी हीच ओळ गळालेली असते. बाबांसाठी साधंच मीठ, पण मोजून कमी.

कमी सोडियमचं मीठ आणि एटोरिकॉक्सिब आजपासून बंद, आणि को-ट्रायमोक्साझोल पुन्हा घ्यायचं नाही. अजून एक शोध घ्या. बाबांच्या पायांवर सूज असेल आणि लघवी होण्याची गोळी चालू असेल, तर तिचं पाकीट काढून घटक वाचा. फ्युरोसेमाइड किंवा टोर्सेमाइडच्या अनेक गोळ्या आपल्याकडे जोडऔषध म्हणून मिळतात. नावापुढे 'प्लस' किंवा असंच काही शेपूट असतं आणि आत स्पायरोनोलॅक्टोन किंवा अमिलोराइड बसलेलं असतं. रुग्ण सांगतो, "लघवीची साधी गोळी आहे." माझ्याकडे आलेल्या एका आजींना तीन वेगवेगळ्या डॉक्टरांनी तीन वेगवेगळ्या नावांनी दिलेल्या गोळ्यांतून स्पायरोनोलॅक्टोन दोनदा जात होतं. पोटॅशियम ७.१ होतं. त्या वाचल्या, पण ती रात्र मी विसरलेलो नाही. मुतखड्यासाठी किंवा जळजळीसाठी दिलेलं सिरपही तपासा : डायसोडियम सायट्रेट असेल तर पोटॅशियमचा प्रश्न नाही, पोटॅशियम सायट्रेट असेल तर आहे. नोनीचा रस कुणी 'किडनी साफ करायला' आणून दिला असेल, तर तोही थांबवा, त्यात पोटॅशियम भरपूर असतं.

आता टेल्मिसार्टनची बाजू. लघवीतून प्रथिनं जाणाऱ्या मधुमेही किडनीला टाइप-२ मधुमेहात या गटाची औषधं वाचवतात, हे २००१ साली दोन मोठ्या चाचण्यांनी दाखवलं. लोसार्टनच्या चाचणीत १५१३ रुग्ण होते. किडनी पूर्ण निकामी होण्याचा धोका २८ टक्क्यांनी घटला. दुसरी चाचणी इर्बेसार्टनची. तिच्यात तुलनेला अम्लोडिपिनही होतं आणि बीपी जवळपास तेवढंच उतरूनही इर्बेसार्टनच सरस ठरलं, म्हणजे फायदा नुसत्या बीपीचा नव्हता. उलट बाजूनं २०२२ मध्ये ब्रिटनमधल्या ४११ रुग्णांची चाचणी आली. किडनी खूप कमी चालत असलेल्यांमध्ये ही औषधं थांबवली तर किडनी सुधारते का, असा प्रश्न होता. तीन वर्षांनंतर उत्तर आलं : सुधारत नाही.

म्हणून 'कायमची बंद' या शब्दांना माझा विरोध आहे. गोळी बंद केल्यावर पुढच्या आठवड्यात पोटॅशियम ४.८ येतं, सगळ्यांना हायसं वाटतं आणि आपण बरोबर केलं असा समज होतो. नुकसान दिसतं ते दोन-तीन वर्षांनी. तेव्हा प्रथिनं दुप्पट-तिप्पट झालेली असतात, डायलिसिसचं बोलणं सुरू होतं आणि त्या बंद केलेल्या गोळीशी त्याचा संबंध कुणीच जोडत नाही.

अर्थात या औषधांच्या बाबतीत ढिलाईही परवडत नाही. १९९९ मध्ये हृदय कमजोर असलेल्यांत स्पायरोनोलॅक्टोननं मृत्यू कमी होतात असं सिद्ध झालं आणि जगभर ते धडाधड लिहिलं जाऊ लागलं. ओंटारियोतच पुढे मोजलं गेलं : रामिप्रिलच्या गटातली औषधं घेणाऱ्या हृदयरुग्णांत पोटॅशियम वाढून भरती होणाऱ्यांचं प्रमाण १९९४ मध्ये हजारी २.४ होतं, ते २००१ मध्ये हजारी ११ झालं. चाचणीतल्या रुग्णांचं रक्त वेळच्या वेळी तपासलं जात होतं. बाहेरच्या जगात तेवढं झालं नाही. औषध तेच, फरक तपासणीचा. तसंच 'सार्टन' आणि 'प्रिल' एकत्र देण्याचाही प्रयोग झाला. मधुमेही किडनीविकारात लोसार्टन आणि लिसिनोप्रिल एकत्र देणारी अमेरिकेतली चाचणी धोका वाढल्यामुळे मुदतीआधी थांबवावी लागली, ते २०१३ मध्ये प्रसिद्ध झालं. बाबांच्या यादीत दोन्ही गट एकत्र असतील तर त्यातला एक जायलाच हवा.

मी बाबांचा डॉक्टर असतो तर काय केलं असतं? टेल्मिसार्टन आज थांबवलं असतं आणि रक्त ४८ तासांत पुन्हा पाहिलं असतं. पोटॅशियम पाचच्या आसपास आलं आणि क्रिएटिनिन उतरलं, की ४० मिलिग्रॅमनं पुन्हा सुरू. एका आठवड्यानं तपासणी, मग चौथ्या आठवड्यात एकदा, आणि सगळं ठीक असेल तर हळूहळू पुन्हा ८० कडे. गोळी सुरू केल्यावर किंवा वाढवल्यावर क्रिएटिनिन ३० टक्क्यांपर्यंत वाढलं तर आम्ही ते सोसतो. त्याहून वाढलं तर कारण शोधतो.

पोटॅशियम तरीही सव्वापाच-साडेपाचवर अडून बसलं, तर गोळी काढण्याआधी बऱ्याच गोष्टी करता येतात. रक्तात आम्ल साचलं असेल तर सोडियम बायकार्बोनेट. सूज किंवा बीपी असेल तर योग्य मूत्रल, म्हणजे लघवी वाढवणारं औषध. डॅपाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन ही मधुमेहाची गोळी चालू नसेल, तर ती सुरू करण्याचा मी आवर्जून विचार करतो. ही औषधं किडनीला स्वतंत्रपणे वाचवतात आणि पोटॅशियम गंभीर वाढण्याचा धोकाही कमी करतात. पोटॅशियम आतड्यात बांधून ठेवणाऱ्या पावडरी आहेत, कॅल्शियम पॉलिस्टायरीनची पुडी आपल्याकडे सर्रास मिळते. ती इतर गोळ्यांपासून तीन तास लांब घ्यायची आणि बद्धकोष्ठ असेल तर घ्यायची नाही, आतड्याला इजा होऊ शकते. बद्धकोष्ठाचं आणखी एक : किडनी कमजोर झाली की आतडी जास्तीचं पोटॅशियम बाहेर टाकायचं काम अंगावर घेतात. पोट रोज साफ होणं हा इथे उपचाराचाच भाग आहे. मी प्रत्येक रुग्णाला हे विचारतो.

खाण्याबद्दल घाबरू नका. "सगळी फळं बंद, सगळ्या पालेभाज्या बंद" असा फतवा निघाला की माणूस खंगतो. सध्या शहाळ्याचं पाणी पूर्ण बंद; एका शहाळ्यातूनच चार-पाचशे मिलिग्रॅम पोटॅशियम सहज जातं. फळांचे रस, टोमॅटोचं सार, सुकामेवा आणि केळं काही दिवस नको. सफरचंद किंवा पपईची एखादी फोड चालेल. बटाटा, सुरण सोलून, बारीक चिरून, भरपूर पाण्यात उकळायचा आणि ते पाणी ओतून द्यायचं. उपासाकडे लक्ष द्या. साबुदाण्यात पोटॅशियम फारसं नाही, पण त्यातल्या शेंगदाण्यात आणि बटाट्यात आहे, वर रताळं आणि खजूर. एकादशीला बाबा एरवीपेक्षा जास्त पोटॅशियम खातात आणि साखरेच्या गोळ्याही चुकवतात. श्रावणात आणि नवरात्रात माझ्याकडे असे रुग्ण हमखास वाढतात. त्यांना उपास मोडा म्हणण्यापेक्षा वरीचा भात आणि ताक घ्या म्हटलं, की ते ऐकतात. ताकही वाटीभरच.

उद्या दुसऱ्या रिपोर्टात आकडा साडेसहाच्या वर आला किंवा ईसीजी बदलला, तर रुग्णालयात कॅल्शियम ग्लुकोनेट शिरेतून देतील. त्यानं पोटॅशियम उतरत नाही, हृदयाला काही वेळ संरक्षण मिळतं. मग इन्सुलिन आणि ग्लुकोज, साल्ब्युटामॉलची वाफ, गरज पडली तर डायलिसिस. बाबांची किडनी कमजोर असल्यानं इन्सुलिन शरीरात जास्त वेळ रेंगाळतं, म्हणून पुढचे सहा तास साखर तासातासाला बघायला सांगा. "ते मधुमेहीच आहेत, साखर कशाला उतरेल" असं कुणी म्हणालं तरी.

फिनेरेनोन या अल्डोस्टेरॉनची जागा अडवणाऱ्या नव्या औषधाबद्दलही तुम्ही विचारलंय. चांगलं औषध आहे. २०२० च्या चाचणीत पोटॅशियममुळे ते सोडावं लागणारे २.३ टक्के होते, औषध नसलेली दिखाऊ गोळी (प्लासिबो) घेणाऱ्यांत ०.९ टक्के. पण ते पोटॅशियम पाचच्या वर असताना सुरू करत नाहीत. तीन महिने स्थिर जाऊ द्या, मग बोलू.

बाबांना जुलाब, उलट्या किंवा ताप येऊन खाणं-पिणं सुटलं, तर त्या दिवसांपुरतं टेल्मिसार्टन, मूत्रल, मेटफॉर्मिन आणि डॅपाग्लिफ्लोझिन थांबवून डॉक्टरांना फोन करायचा. नीट जेवायला लागल्यावर एक-दोन दिवसांत पुन्हा सुरू. हे कागदावर लिहून औषधांच्या डब्यात ठेवा.

पुढच्या तपासणीत पोटॅशियम, क्रिएटिनिन, सोडियम, साखर यांच्याबरोबर बायकार्बोनेटही करायला सांगा, ते नेहमीच्या पॅनेलमध्ये नसतं. तो आकडा आला की कळवा. २२ च्या खाली असेल, म्हणजे रक्तात आम्ल साचलं असेल, तर सोडामिंटच्या (सोडियम बायकार्बोनेटच्या) गोळ्यांबद्दल तुमच्या डॉक्टरांशी बोलावं लागेल.